क्रूस पुरेसा आहे, म्हणजे नेमके काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू झाला की नाशिकच्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) क्रूसाविषयीचे प्रश्न वाढतात. शरणपूर असो, नाशिकरोड असो की सिडकोतल्या एखाद्या घरी भरणारी प्रार्थनासभा असो, बायबल अभ्यासवर्गात थोड्याफार फरकाने तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांतील काहींची उत्तरे येथे दिली आहेत. ही उत्तरे प्रोटेस्टंट मंडळीच्या भूमिकेतून लिहिलेली आहेत; कॅथलिक बांधवांची शिकवण जेथे वेगळी आहे, तेथे ती त्यांना मान्य होईल अशाच शब्दांत सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

क्रूस पुरेसा आहे असे आपण म्हणतो, तो कशासाठी पुरेसा?

पापक्षमेसाठी आणि देवाशी समेट होण्यासाठी. पंतय पिलात हा इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमी सुभेदार होता. त्याच्या अमदानीत यरुशलेमच्या वेशीबाहेर येशूला वधस्तंभावर खिळण्यात आले, आणि त्या एका मरणाने मनुष्याच्या पापाचा प्रश्न देवाच्या बाजूने कायमचा निकालात निघाला, ही ख्रिस्ती विश्वासाची मूळ साक्ष आहे. त्या मरणात आपल्या उपासाची, दानाची, अश्रूंची किंवा पुण्याईची भर घालावी लागत नाही आणि घालताही येत नाही.

याचा अर्थ ताणू नये, हेही येथेच सांगितलेले बरे. क्रूस पुरेसा आहे म्हणून बारावीला चांगले गुण मिळतील, मुलीचे लग्न वेळेवर ठरेल किंवा सातपूरच्या कंपनीत नोकरी कायम होईल, असे वचन पवित्र शास्त्रात कोठेही नाही. ज्यासाठी तो पुरेसा आहे, ते याहून मोठे आहे; पण ते यापेक्षा वेगळेही आहे, आणि हा फरक सांगायचे टाळले की पुढे विश्वासणाऱ्याचीच फसगत होते.

याला शास्त्राधार काय?

पुष्कळ आहे, त्यातील तीन ठिकाणे आवर्जून वाचावीत. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली आहेत. मंदिरातील याजक दररोज उभा राहून तेच ते यज्ञ पुन्हा पुन्हा करतो, कारण त्याचे काम संपतच नाही. ख्रिस्त मात्र पापांसाठी एकच यज्ञ सर्वकाळासाठी अर्पून देवाच्या उजवीकडे बसला. उभा असलेला याजक आणि बसलेला ख्रिस्त, एवढ्या तपशिलातच लेखकाने सगळा युक्तिवाद मांडला आहे. दुसरे ठिकाण गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय. नियमशास्त्र पाळून नीतिमान होता आले असते तर ख्रिस्त उगाच मेला असे म्हणावे लागेल, असे पत्राचा लेखक, प्रेषित पौल, तेथे रोखठोक सांगतो.

तिसरे ठिकाण लूकच्या तेविसाव्या अध्यायातले. येशूच्या बाजूला खिळलेल्या एका अपराध्याने शेवटच्या घटकेला त्याला विनवले. त्या माणसाचा बाप्तिस्मा झाला नव्हता, त्याला कोणाची भरपाई करता आली नाही, मंडळीची वर्गणी भरण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्याचे हातपाय खिळलेले होते. जोडायलासुद्धा हात मोकळे नव्हते. तरीही त्याला उत्तर मिळाले, “मी तुला खचीत सांगतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.” क्रूसाला काहीतरी जोडावेच लागते असे ज्याला वाटते, त्याने या माणसाने काय जोडले ते दाखवावे.

एकाच्या पापासाठी दुसऱ्याने मरणे हा न्याय कसा?

हा प्रश्न बहुधा ख्रिस्ती नसलेले मित्र विचारतात आणि तो योग्यच आहे. एखाद्या न्यायाधीशाने गुन्हेगाराला सोडून रस्त्यावरच्या निरपराध माणसाला फाशी दिली, तर तो उघड अन्याय होईल. परंतु ख्रिस्ती शिकवण तशी नाही. येशू हा देव आणि माणूस यांच्या भांडणात बाहेरून ओढून आणलेला तिसरा कोणी नाही. पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला, त्यानेच तो अपराध स्वतःवर घेतला. क्षमा करणाऱ्याला किंमत मोजावीच लागते, हे घरातही दिसते: भावाने बुडवलेले पैसे जो भाऊ माफ करतो, त्याच्या खिशातून ते पैसे जातातच. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा धर्मपंडित आन्सेल्म याने या प्रश्नाची सविस्तर मांडणी केली आणि त्यावर आजही वाद होतो. मरणाची मीमांसा कोणत्या पद्धतीने करावी यावर मंडळीत मतभेद आहेत. ते मरण पुरेसे आहे यावर मात्र फारसे नाहीत.

क्रूस पुरेसा असेल तर पुनरुत्थान कशाला?

क्रूस आणि पुनरुत्थान ही एकाच कार्याची दोन अंगे आहेत. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे आणि तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात, असे पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात लिहितो. म्हणून उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना करून ईस्टरला सुट्टी घेणाऱ्यांनी थोडा विचार करावा.

ख्रिस्ताच्या क्लेशांतले उणे मी भरून काढतो, असे पौलच म्हणतो. मग काही उणे राहिले होते ना?

हे वचन कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, चोविसाव्या ओवीत आहे आणि ते एकटे वाचले तर गोंधळ होतो. त्याच अध्यायात काही ओव्या आधी पौलाने लिहिले आहे की वधस्तंभावरील रक्ताने देवाने शांती केली. तेव्हा पापक्षमेत काही उणे राहिले असे त्याला म्हणायचे नाही. ती सुवार्ता लोकांपर्यंत पोहोचवताना जे सोसावे लागते, तुरुंग, मार, उपासमार, त्यांतला आपला वाटा तो उचलतो आहे. सुवार्ता सांगणाऱ्याचे कष्ट अजून संपलेले नाहीत, एवढेच ते उणे.

मग हवे तसे वागायला मोकळीक मिळाली, असेच ना?

कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय, हा प्रश्न रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने स्वतःच विचारला आहे आणि ‘कधीच नाही’ असे उत्तरही दिले आहे. सत्कृत्ये तारणाचे मूळ नव्हेत, ती त्याचे फळ होत. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठवी आणि नववी ओवी कृपेविषयी आहे, आणि लगेच दहावी सत्कृत्यांविषयी; आपल्याकडे भाषणांत पहिल्या दोन म्हटल्या जातात आणि तिसरी गळते. याकोबाच्या पत्रावर फार वाद घालण्याची गरज नाही. ज्या विश्वासातून काहीच उगवत नाही तो विश्वास मेलेला आहे, एवढेच याकोब सांगतो, आणि त्याला पौलाचा विरोध असण्याचे कारण नाही.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन ही क्रूसात घातलेली भर नव्हे काय?

नव्हे. जे ख्रिस्ताने दिले आहे, ते त्याच्याच आज्ञेने स्वीकारण्याच्या या रीती आहेत. भाकर आणि द्राक्षारस आपण देवाला देत नाही, आपल्याला दिले जातात.

कॅथलिक मिस्साबलिदानाविषयी, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या त्यांच्या उपासनेविषयी, आपल्या लोकांत एक गैरसमज आहे, तो दूर व्हायला हवा. मिस्सामध्ये ख्रिस्ताचा बळी नव्याने दिला जातो, असे कॅथलिक चर्च शिकवत नाही. कॅल्व्हरीवरचा, म्हणजे येशूला खिळले त्या टेकडीवरचा, तोच एक बळी तेथे उपस्थित होतो, अशी त्यांची शिकवण आहे. त्या मांडणीशी प्रोटेस्टंट मंडळ्यांचा मतभेद सोळाव्या शतकापासून आहे आणि तो खराही आहे. पण मतभेद आहे तेवढाच सांगावा. क्रूस एकदाच झाला हे दोघेही मानतात.

नाशिकरोडच्या बाळ येशूला नवस बोलणे चुकीचे आहे काय?

फेब्रुवारीतल्या यात्रेला मुंबई, वसई, गोव्याहून हजारो भाविक नाशिकरोडला बाळ येशूच्या कॅथलिक देवस्थानी येतात, आणि त्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. मेणबत्ती लावून डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चालले आहे, ते देवाला ठाऊक. त्यावर निवाडा करणे हे आपले काम नाही.

प्रश्न नवसाच्या भाषेचा आहे, आणि तो फक्त कॅथलिकांचा नाही. अमुक झाले तर तमुक करीन, ही देवघेव प्रोटेस्टंट घरांतही चालते. फक्त तिला नवस म्हणत नाहीत, ‘देवापुढे ठराव केला’ म्हणतात. मुलाला परदेशाचा व्हिसा मिळाला तर एकवीस दिवस उपवास, ऑपरेशन नीट झाले तर मंडळीला पंखा. कृतज्ञतेने पंखा देण्यात काहीही गैर नाही. मंडळीला पंख्यांची गरज असतेच. परंतु देवाचे मन आपल्याकडे वळवण्यासाठी काही देऊ करावे लागते, अशी समजूत त्यामागे असेल तर ती क्रूसाशी जुळत नाही. ज्याने आपल्या पुत्रास राखून ठेवले नाही, तो त्याच्याबरोबर आपल्याला सर्वकाही कसे देणार नाही, असा प्रश्न पौलाने रोमकरांस आठव्या अध्यायात केला आहे. देवाचे मन आधीच वळलेले आहे. मागायचे ते मुलाने बापाकडे मागावे तसे मोकळेपणाने मागावे, आणि नकार आला तर आपली बोली कमी पडली असे समजू नये.

आमच्या घराण्यावर पिढीजात शाप आहे, तो तोडण्यासाठी वेगळी प्रार्थना करावी लागते, असे एका सभेत सांगण्यात आले. हे खरे आहे काय?

गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

अशा सभांची पद्धत ठरलेली असते. एक छापील कागद हाती दिला जातो. त्यावर चौकटी आखलेल्या असतात: आजोबा, पणजोबा, आईकडचे, वडिलांकडचे, त्यांनी कोणत्या देवाची पूजा केली, कोण दारू प्यायचे, कोणी आत्महत्या केली, कोणाला मूल झाले नाही. कागद भरताना माणूस घाबरत जातो, कारण चार पिढ्यांत अशी एखादी गोष्ट घडलेली नाही असे घर सापडणारच नाही. मग एकेका चौकटीवर बोट ठेवून शाप तोडला जातो, आणि काही ठिकाणी तेलाची बाटली किंवा रुमाल घरी न्यायला सांगतात, ज्याचे ‘ऐच्छिक’ दान आधीच ठरलेले असते.

आधारासाठी बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते, हे निर्गमच्या विसाव्या अध्यायातील वचन दिले जाते. तेथेच थांबू नये. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात, बापाच्या पापाचा भार पुत्र वाहणार नाही, असे देव स्पष्ट सांगतो. जन्मांध माणसाकडे पाहून, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. गलतीकरांस तिसऱ्या अध्यायात ख्रिस्त स्वतः आपल्याबद्दल शाप झाला आणि त्याने आपल्याला सोडवले, असे म्हटले आहे. आणि पेत्राचे पहिले पत्र तर या विषयाच्या अगदी मुळाशी जाते: वाडवडिलांपासून चालत आलेल्या व्यर्थ वागणुकीतून तुमची सुटका ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली आहे. वाडवडिलांचा उल्लेख करून जी सुटका झाली असे प्रेषित लिहितो, ती अर्धवट राहिली असून उरलेली शनिवारी संध्याकाळच्या सभेत पूर्ण होईल, असे सांगणारा माणूस क्रूसाची थोरवी वाढवत नाही.

पापाचे परिणाम मात्र पिढ्यांपिढ्या येतात, हे नाकारू नये. बाप रोज पिऊन घरी येत असेल तर मुलाच्या मनावर ओरखडे उठतात, आणि कधी कधी तोच मुलगा पुढे बाटली उचलतो. त्याला शाप म्हणून घाबरवण्यापेक्षा व्यसनमुक्ती केंद्रात नेणे, समुपदेशकाकडे नेणे आणि मंडळीतील एका समंजस माणसाने वर्षभर त्याच्याबरोबर राहणे हे काम करते. ते तेलाच्या बाटलीपेक्षा महाग आणि कंटाळवाणे आहे, म्हणून ते कमी होते.

घरचे ख्रिस्ती नाहीत. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करू, तू बसलाच पाहिजे, असा आग्रह आहे. काय करावे?

प्रथम आग्रहामागचे मन समजून घ्यावे. घरात एकामागून एक अडचणी येत असतील तर आईवडिलांना आपल्या परंपरेतील उपाय सुचणे स्वाभाविक आहे. तो तुमचा अपमान करण्यासाठी नसतो. त्या विधीची टिंगल करू नये, त्यावर प्रवचन देऊ नये. मी यात यजमान म्हणून बसू शकत नाही, कारण माझ्यासाठी आणि माझ्या पूर्वजांच्या प्रश्नासाठी मी ख्रिस्तावर विसंबलो आहे, एवढे शांतपणे सांगावे. विधी तीन दिवस चालतो. त्या दिवसांत घरच्यांची ने-आण करणे, लहान मुले सांभाळणे, आजारी आत्याजवळ थांबणे ही कामे तुम्ही करू शकता आणि करावीत.

दशक्रिया विधीच्या वेळी हा प्रश्न अधिक टोकदार होतो. वडिलांच्या अस्थी घेऊन सगळे रामकुंडावर निघाले आणि मुलगाच मागे राहिला, तर ते घराला लागते. घाटावर सोबत जाणे, नातेवाइकांच्या शेजारी उभे राहणे आणि विधी भावाने किंवा चुलत्याने करणे, असा मार्ग अनेक कुटुंबांनी काढला आहे. काही पाळकांना तेवढेही मान्य नसते. ज्याने त्याने आपल्या विवेकाशी प्रामाणिक राहावे. घरचा दुरावा किती खोल जाऊ शकतो, याचे आपल्या भागातील उदाहरण म्हणजे नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर काही वर्षे पतिपत्नी वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. तुटलेली नाती घाईने जुळत नाहीत, आणि क्रूस पुरेसा आहे हे पटवण्यासाठी वृद्ध आईशी भांडणे आवश्यक नाही.

क्षमा झाली असे ऐकतो, पण अपराधीपणा जात नाही. विश्वास कमी आहे का?

नाही. निफाड-दिंडोरीकडच्या लोकांना एका उदाहरणाने हे लवकर समजते. सोसायटीचे कर्ज फिटले, निरंक दाखला मिळाला, फेरफार होऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजाही कमी झाला. तरी ज्याने वीस वर्षे कर्जाचा धसका घेतला, तो गावात वसुलीची जीप दिसली की आजही दचकतो. त्याच्या दचकण्याने बोजा परत चढत नाही. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आपल्याविरुद्धचे ऋणपत्र देवाने खोडून वधस्तंभाला खिळले, असे लिहिले आहे. क्षमा त्या नोंदीवर अवलंबून आहे, आपल्या छातीतील धडधडीवर नाही. “ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच” हे वाक्य अशा वेळी मोठ्याने वाचावे. मात्र महिनोन्‌महिने झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जावे.

देवाने क्षमा केली, मग माणसांशी हिशेब कशाला?

कारण त्यांचे पैसे अजून त्यांना मिळालेले नाहीत. जक्कय या जकातदाराने येशूला घरी घेतले आणि ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत देण्याचे ठरवले. देवाकडची क्षमा विकत घेण्यासाठी त्याने ते केले नाही, पण ती मिळाल्यावर तो स्वस्थही बसला नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. मार खाणाऱ्या पत्नीला ‘वधस्तंभाकडे पाहा, क्षमा कर आणि नांदायला जा’ असे सांगणारे वडीलधारे मंडळीत आहेत. हा क्रूसाचा गैरवापर आहे. क्षमा करणे म्हणजे पुन्हा मार खायला तयार होणे नव्हे. तिला सुरक्षित जागा देणे, पोलिसांत तक्रार करायची असेल तर सोबत जाणे आणि नवऱ्याला त्याच्या कृत्याचा जाब विचारणे हे मंडळीचे काम आहे.

गारपिटीने बाग गेली, घरात कॅन्सर आला. क्रूस पुरेसा असून असे का?

का, याचे उत्तर आमच्याकडे नाही आणि ते आहे असे भासवणाऱ्यांपासून सावध राहावे. द्राक्षबागेची ऑक्टोबरची छाटणी, डाऊनी रोगावरच्या फवारण्या, मजुरी, सगळे करून फेब्रुवारीत मणी भरले आणि दहा मिनिटांच्या गारांनी घड फुटले, तर त्या शेतकऱ्याला ‘तुझ्या जीवनात काही लपलेले पाप आहे का’ असे विचारणे क्रूरपणाचे आहे. पापाची शिक्षा वधस्तंभावर भोगून झाली असेल, तर ती गारांच्या रूपाने पुन्हा वसूल होत नाही. एवढे मात्र खात्रीने सांगता येते. पौलाने आपल्या शरीरातील काट्यासाठी तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. “माझी कृपा तुला पुरे आहे” असे उत्तर त्याला मिळाले.

आणि औषध बंद करू नये. त्याला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळाले, हे यशयाचे वचन दाखवून इन्सुलिन सोडायला लावणारे लोक आहेत. प्रार्थना करावी, इन्सुलिनही घ्यावे.

क्रूसाने भिंती पाडल्या म्हणतात, मग मंडळीत जात कशी दिसते?

दिसते, हे मान्य करूनच बोलावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसवले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे मराठी ख्रिस्ती लोकांच्या वसाहतीत राहून शिकली. मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेतून आणणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट त्यांतलाच एक, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत तो शवपेटी धरणाऱ्यांत होता. असा वारसा सांगणाऱ्या शहरात आज स्थळ पाहताना ‘मूळचे कोण’ हे हळूच विचारले जाते. इफिसकरांस दुसऱ्या अध्यायानुसार ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली आहे. देवापुढे मला कुळाची गरज नाही असे म्हणणाऱ्याला सुनेच्या कुळाची गरज का पडावी, याचे उत्तर विचारणाऱ्याने द्यायचे आहे.

दशमांश दिला नाही तर आशीर्वाद थांबतो काय?

थांबत नाही. दशमांशाविषयीचे, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याविषयीचे, मलाखीचे वचन वाचून लोकांना धमकावणे आणि पेटीत काय पडले त्यावरून प्रार्थनेची लांबी ठरवणे, दोन्ही चूक आहे. मंडळीचा खर्च खरा असतो: पाळकांचे वेतन, वीजबिल, दफनभूमीची निगा, गरीब मुलांची फी. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे, खेदाने किंवा जुलमाने नव्हे, द्यावे, असे पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात सांगतो. कर्जात असाल तर आधी कर्ज फेडा आणि तसे खजिनदारांना निःसंकोच सांगा. आणि ज्या मंडळीत जमाखर्च वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचला जात नाही, तेथे तो वाचावा अशी मागणी करण्याचा अधिकार दहा रुपये देणाऱ्यालाही आहे.